कृष्णेतला ऑक्सिजन पहाटे मोजावा

उन्हाळ्यात कृष्णेत मेलेले मासे तरंगले की सांगलीत पाण्याचा नमुना घेण्याची धावपळ सुरू होते. नमुना बहुतेक वेळा ऊन चढल्यावर, घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून भरला जातो. काही दिवसांनी आकडा येतो: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साडेसहा मिलिग्रॅम. म्हणजे ऑक्सिजनपुरतं बोलायचं तर अंघोळीलाही चालेल असं पाणी. मग मासे मेले कशाने? आकडाही खरा आणि मासेही खरेच मेलेले. घोळ असतो तो बाटली कधी आणि कुठे बुडवली यात.

पाण्यात ऑक्सिजन मुळात मावतोच थोडा. ३० अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीवर, गोड्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम. सांगली साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब तेवढा कमी, त्यामुळे इथे ही मर्यादा ७.१ च्या आसपास येते. थंडीत पाणी २० अंशांवर उतरलं की तीच साडेआठ होते. खारं पाणी आणखी कंजूष आहे, ३० अंशांना समुद्रात सव्वासहाच्या पुढे मजल जात नाही. म्हणून मुंबई बंदरातला आकडा आणि कृष्णेतला आकडा शेजारी मांडून भांडू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्याला किमान ५ आणि मासे जगण्याजोग्या पाण्याला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. एप्रिल-मे महिन्यात नदीच्या गाठीला शिल्लक उरते ती जेमतेम तीन मिलिग्रॅमची.

ही शिल्लक दिवसभर सारखी नसते. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पाणी थबकतं. त्यात सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस मिसळला की शेवाळ माजतं, पाणी हिरवट होतं. उन्हात हे शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला आकडा मर्यादेच्याही वर, १० किंवा १२ पर्यंत जाऊ शकतो. दिवस मावळला की तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू रात्रभर नुसता ऑक्सिजन खातात. नीचांक येतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. दुपारी १० दाखवणारं पाणी पहाटे २ वर आलेलं असू शकतं. त्यामुळे दुपारचा आकडा ७.१ च्या फार वर दिसला तर खूश व्हायचं कारण नाही. पहाटे पाचचा गजर लावावा.

केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची, तऱ्हा वेगळी. त्याची पानं पाण्याच्या वर असतात, त्यामुळे त्याने तयार केलेला ऑक्सिजन जवळपास सगळा हवेत जातो. खालच्या पाण्याला मिळते ती सावली. वारा पाण्याला लागत नाही आणि कुजलेली मुळं-पानं तळाशी बसतात. केंदाळाच्या थराखाली आणि पाच-दहा मीटर बाजूच्या मोकळ्या पाण्यात एकाच वेळी घेतलेल्या आकड्यांत मोठा फरक सापडतो, तेव्हा नमुना कशाखालून घेतला हे वहीत लिहिलंच पाहिजे.

आता जागा. सांगलीतल्या शेरीनाल्यासारख्या नाल्याचं पाणी नदीत पडतं तिथला काळपट पट्टा डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळे तिथेच बाटली भरतात. पण घाणीतले सेंद्रिय पदार्थ खायला जिवाणूंना वेळ लागतो. नाल्याच्या तोंडाशी ऑक्सिजन उतरायला नुकती सुरुवात झालेली असते. खरा खड्डा पडतो काही तास ते दोन-तीन दिवसांच्या प्रवासानंतर, खालच्या अंगाला. अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये याचं गणित मांडलं, ते आजही वापरात आहे. नदी सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने वाहत असेल तर एका दिवसात २६ किलोमीटर जाते. बंधाऱ्याच्या फुगवट्यात हाच वेग ५ सेंटिमीटरवर आला तर दिवसाला सव्वाचार किलोमीटर. शिवाय तिथे पाणी खोल आणि संथ, म्हणजे हवेतून नवा ऑक्सिजन मिसळण्याचा वेगही मंद. शहराच्या घाणीचा हिशोब त्यामुळे शहरातल्या घाटावर न होता म्हैसाळच्या बंधाऱ्याकडे जाताना कुठेतरी होतो.

निदान चार जागा तरी हव्यात: वर भिलवडीचा पूल, मग आयर्विन पूल, अंकलीचा पूल आणि म्हैसाळचा फुगवटा. अंकलीला एक मेख आहे. हरिपूरला वारणा उजव्या बाजूने येऊन मिळते, पण दोन नद्यांचं पाणी लगेच एकजीव होत नाही, बरंच अंतर शेजारी-शेजारी चालतं. एकाच काठावर बाटली भरली तर नाव कृष्णेचं आणि पाणी वारणेचं, असा प्रकार होतो. पुलावरून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असे तीन नमुने घ्यावेत, पृष्ठभागाच्या ३० सेंटिमीटर खालून.

बादलीतून बाटलीत पाणी ओतलं की खळखळाटात हवा मिसळते आणि पहाटेचा २ बघता बघता ४ होतो. म्हणून नमुनापात्राची नळी ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटलीच्या (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) तळापर्यंत सोडतात आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहून जाऊ देतात. मग लगेच, तिथेच, मँगनीज सल्फेट १ मिलिलिटर आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून सोडायचं. बुडबुडा राहणार नाही असं बूच लावायचं आणि बाटली पंधरा-वीस वेळा उलटीसुलटी करायची. इथे डोळ्यांनाच बरंच कळतं: साका तपकिरी धरला तर ऑक्सिजन आहे, दुधासारखा पांढरा राहिला तर जवळजवळ नाहीच. साका अर्ध्यावर बसला की तीव्र सल्फ्युरिक ॲसिड १ मिलिलिटर टाकायचं. साका विरघळतो आणि आयोडीनचा पिवळा-तपकिरी रंग येतो. त्यातलं २०१ मिलिलिटर पाणी घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं. रंग फिकट गवती झाल्यावर स्टार्च घालायचं, निळा रंग गेला की थांबायचं. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन, वेगळा गुणाकार नाही. २०० च्या वरचं १ मिलिलिटर असतं ते आधी घातलेल्या रसायनांनी बाटलीतून बाहेर ढकललेल्या पाण्याच्या भरपाईसाठी. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिलेली ही पद्धत. सांडपाण्यातल्या नायट्राइटने आकडा फुगू नये म्हणून त्यात अझाइड नंतर आलं. अझाइड विषारी आहे, ॲसिडशी मिळालं की विषारी वाफ सुटते, त्यामुळे हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेतच काम करावं. थायोसल्फेटची ताकद ठेवून ठेवून उतरते. जुन्या बाटलीतलं वापरलं तर ते जास्त लागतं आणि नदी आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

मीटर वापरणं सोपं, चुकणं त्याहून सोपं. कॅलिब्रेशनला मीटर हवेचा दाब विचारतो. मोबाइलवरचं हवामान ॲप जो दाब दाखवतं तो समुद्रसपाटीला आणून ठेवलेला असतो. तो भरला तर सांगलीत प्रत्येक आकडा सुमारे सहा टक्के जास्त येणार. इथला खरा दाब पाऱ्याच्या ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो. पडद्याचं जुन्या पद्धतीचं प्रोब, म्हणजे मीटरचं पाण्यात बुडवायचं टोक, मोजताना स्वतःच ऑक्सिजन खातं, म्हणून साचलेल्या पाण्यात ते सतत हलवावं लागतं, नाहीतर आकडा खाली घसरत जातो. प्रकाशावर चालणाऱ्या प्रोबला ही अडचण नाही, मात्र त्याच्या टोपीवर शेवाळ चढलं तर तेही फसतं.

बंदरात नमुना घेणारे वहीत भरती-ओहोटीची वेळ आधी लिहितात. कृष्णेवर त्या रकान्यात बरग्यांची स्थिती आणि कोयनेच्या पायथा वीजगृहातून सुटलेले क्युसेक लिहावेत. प्रवाहाचा आकडा नसेल तर बाकीच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. समजा, आसवनीच्या, म्हणजे मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याच्या, स्पेंट वॉशचा, म्हणजे बातम्यांत ज्याला मळीमिश्रित पाणी म्हणतात त्याचा, १० हजार लिटरचा एक टँकर रात्री नदीत सोडला. त्याची बीओडी लिटरला ४० हजार मिलिग्रॅम धरली, तर मागणी झाली ४०० किलो ऑक्सिजनची. लिटरला ७ मिलिग्रॅम असलेल्या नदीत ४०० किलो म्हणजे पावणेसहा कोटी लिटर पाण्यातला झाडून सगळा ऑक्सिजन. नदी १०० क्युसेकने वाहत असेल तर हे साडेपाच तासांचं पाणी. पावसाळ्यात ५० हजार क्युसेकला तोच टँकर मीटरला कळतही नाही.

बीओडीचा आकडा मिळायला आपल्याकडच्या पद्धतीनुसार २७ अंशांवर, अंधारात, तीन दिवस लागतात. चोर पकडायला तो कामाचा नाही. शिवाय सांडपाण्यात विषारी रसायन असेल तर बाटलीतले जिवाणूच मरतात आणि बीओडी छान कमी येते. एकाच नमुन्याचं पाणी जास्त पातळ केल्यावर हिशोबाने बीओडी वाढत गेली तर हाच संशय घ्यावा आणि दोन तासांच्या डायक्रोमेट उकळीत होणारी सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची मागणी, बघावी. जागेवर माग काढायला विद्युतवाहकतेचा साधा मीटर बरा: काठाने वर-वर जात मोजायचं, जिथे आकडा एकदम बदलतो तिथे नाला शोधायचा. फक्त क्षारपड जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यानेही वाहकता वाढते, तेवढ्यावरून कारखान्याचं नाव घेऊ नये.

मासे स्वतःही बरंच सांगतात. ऑक्सिजन संपला असेल तर मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, सहसा मोठे आधी मरतात, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ तगून राहते. मरळही उलटी पडली, किंवा लहान-मोठे सगळे एकदम आणि भरदुपारी मेले, तर विषाचा किंवा अमोनियाचा विचार करावा. अमोनिया तर शेवाळाच्या साथीने फसवतो. ३० अंशांना सामू (पीएच) ८ असताना एकूण अमोनियापैकी साडेसात टक्के मुक्त, म्हणजे माशांना मारक रूपात असतो. दुपारी शेवाळाने सामू ९ वर नेला की हाच वाटा ४५ टक्क्यांच्या घरात जातो. ऑक्सिजन भरपूर आणि मासे मेलेले, हे कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. म्हणून दोन फेऱ्या: पहाटे ऑक्सिजनसाठी, दुपारी सामू आणि अमोनियासाठी. तपासणीला मासा द्यायचा तर तरंगणारा फुगलेला उचलू नये, ३५ अंशांच्या उन्हात तो काही तासांतच सडतो. अजून धापा टाकणारा, कल्ले लाल असलेला मासा वेगळ्या पिशवीत घालून बर्फात ठेवावा, आणि त्याच जागेचं पाणी त्याच वेळी भरून घ्यावं.