मुंबई–लंडन: ७,२०० किलोमीटर आणि वाढलेले तास

मुंबई–लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला, तर त्याची ही लांबी. हा दोरा सिंध, बलुचिस्तान, इराणवरून जातो, जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या आसपास अर्ध्यावर येतो आणि काळा समुद्र ओलांडून युक्रेनवरून युरोपात शिरतो. आजची सगळी अडचण या देशांच्या यादीतच आहे.

भारतातून युरोपला जाणारी पहिली भारतीय विमानसेवा ८ जून १९४८ ला सुरू झाली. पिस्टन इंजिनांचं कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबून लंडनला पोचलं. १९६० मध्ये जेट आलं, वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरात गेला आणि तास झपाट्याने उतरले.

मग ७,२०० भागिले ९००, म्हणजे आठ तास? इथेच ‘प्रवासाचा वेळ’ या शब्दाचा घोळ आहे. तिकिटावर छापतात तो ब्लॉक टाइम: चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून लंडनला ते परत लावेपर्यंतचा वेळ. पश्चिमेकडे जाताना समोरून वारा येतो, हिवाळ्यात जास्तच. त्याने वेग १०० किलोमीटरने खाल्ला की हवेतलेच नऊ तास होतात. दोन्हीकडचं टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरचं चालणं, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी घातलेल्या घिरट्या त्यावर आणखी. शिवाय १५ मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ धरला जात असल्याने कंपन्या वेळापत्रकातच थोडी ढील ठेवतात. ही सवय प्रवाशाच्या फायद्याची नाही. विमान खरंच किती वेळ उडतं, हे त्यामुळे झाकलं जातं. घड्याळाचाही फसवा हिशेब आहे: दुपारी २ ला निघून संध्याकाळी ६.३० ला पोचलात, तर लंडनच्या उन्हाळी वेळेत नऊ तास झाले, हिवाळ्यात दहा.

२०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत अडलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं बंद झालं, पण तुर्कस्तान–रोमानियामार्गे वळसा छोटाच पडला. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. याचा मार दिल्लीला जास्त. तिथल्या विमानांना आधी गुजरातपर्यंत खाली यावं लागतं, मुंबईचं विमान मात्र थेट समुद्रावरून मस्कतकडे वळतं. मस्कत, इराक, तुर्कस्तान असं गेलं तर दोनेकशे किलोमीटरच वाढतात.

खरी पंचाईत जून २०२५ सारखी, इराण आणि इराक एकदम बंद झाले की होते. मग उरतो सौदी अरेबिया–इजिप्तचा रस्ता, म्हणजे जवळपास १९४८ चाच. कैरोवरून लंडन सुमारे ७,९०० किलोमीटर पडतं. ७०० किलोमीटरचा हा वळसा म्हणजे पाऊण-एक तास. बोइंग ७८७ विमान तासाला साधारण पाच टन इंधन जाळतं. हे जादा चार-पाच टन मुंबईतच भरावे लागतात, आणि विमान वजनाच्या मर्यादेला टेकलेलं असेल तर तेवढा माल खाली उतरवूनच ते निघतं.