थंडीतलं लिटर : कोणतं घ्यायचं, किती टाकायचं आणि ते ओलं का होतं

लिटर म्हणजे कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर अंथरायचा भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशीचा थर. थंडी सुरू झाली की त्याबद्दल आमच्याकडे एकच तक्रार वारंवार येते : "तुमचं तूस ओलं निघालं, आठ दिवसांत लिटर बसलं." म्हणून हे सविस्तर लिहून देत आहोत.

गाडी आली की तूस मुठीत घट्ट दाबून बघा. मूठ उघडल्यावर ते मोकळं सांडलं पाहिजे. दमट वाटलं किंवा बुरशीचा वास आला, तर माल उतरवूनच घेऊ नका. पण कोरडं पसरलेलं तूस नंतर ओलं होतं, त्याला बहुतेक वेळा पडदे कारण असतात.

पक्ष्यांना गारठा लागू नये म्हणून रात्री चारही बाजूंचे पडदे गच्च बांधले जातात. 1,000 मोठे ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेले पक्षी) दिवसाला 200 लिटरच्या वर पाणी पितात, आणि त्यातलं बरंचसं विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच येतं. ही गरम, दमट हवा थंड पत्र्याला लागली की पत्र्याला आतून घाम सुटतो आणि पहाटे खाली टपकतो. सकाळी छताच्या अँगलच्या रेषेत लिटरवर ओले पट्टे दिसले, तर हेच झालं आहे. पडदा खालून पक्का आणि वरून उघडणारा हवा. वरची फूटभर जागा रात्रीसुद्धा मोकळी ठेवा : वारा पक्ष्यांच्या अंगावर येत नाही आणि दमट हवा बाहेर जाते. लहान पिल्लांना ऊब ब्रूडरने द्या, शेड कोंडून नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. लिटर ओलं झालं की त्यावरच नवं तूस टाकलं जातं. दिसायला कोरडं होतं, पण खालचा पापुद्रा सडत राहतो, अमोनिया सुटतो, पक्षी उकरतात आणि दोन-तीन दिवसांत ओल परत वर. मग आणखी तूस मागवलं जातं. आमचा माल खपतो, पण तुमच्या पक्ष्यांचे तळवे फुटतात, डोळे पाणावतात, रक्ती हगवणीला वाट मिळते. आधी चिकटलेला थर फावड्याने उचलून शेडबाहेर न्या, खालची जमीन सुकू द्या, मगच नवं तूस टाका. बाकीचं लिटर दाताळ्याने एक दिवसाआड हलवा, तेही दुपारी आणि पडदे उघडून, कारण हलवताना अमोनिया एकदम सुटतो. वास उभ्याने बघू नका. उकिडवं बसून पक्ष्यांच्या उंचीवर बघा. तिथे डोळे चुरचुरले तर उशीर झालेला आहे.

ओल्या लिटरवर चुना मारू नका, त्याने वास उलट वाढतो. चुना पक्ष्यांची बॅच गेल्यावर रिकाम्या शेडच्या जमिनीला. आणि ड्रिंकरची (पाण्याच्या भांड्याची) कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी. ड्रिंकर खाली राहिला तर पाणी सांडतच राहणार.

मालाबद्दल : भाताचं तूस पाणी फार शोषत नाही, पण लवकर सुकतं, हलवायला मोकळं राहतं आणि सहज कुजत नाही. रंध्याची जाड भुशी जास्त शोषते. निम्मं तूस, निम्मी भुशी हे थंडीसाठी आम्हाला सगळ्यात चांगलं वाटतं. करवतीचा बारीक भुसा स्वस्त पडतो म्हणून पुष्कळ जण मागतात. तो आम्ही ठेवत नाही. धूळ उडते, पिल्लं खातात, ओला झाला की गोळा होतो, आणि फर्निचरच्या कारखान्यातला असेल तर त्यात प्लायवूडचा गोंदही येतो. शेंगांची टरफलं किंवा सोयाबीनचं भुसकट घरचं असेल तर वापरा, मात्र पूर्ण वाळलेलं. बुरशी लागलेल्या लिटरने पिल्लांची फुप्फुसं खराब होतात. गावरान कोंबड्यांच्या उघड्या अंगणात तूस उडून जातं, तिथे जाड वाळू बरी. तूस रात्रीच्या खुराड्यात टाका.

उन्हाळ्यात 2 इंच थर पुरतो, थंडीत 3 ते 4 इंच हवा. नुसतं तूस असेल तर 100 चौरस फुटांना 3 इंचांसाठी साधारण 70 ते 80 किलो लागतं. पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच ते पसरून ब्रूडर चालू करा, म्हणजे कोब्याचा गारवा पोटाला लागत नाही. पहिले काही दिवस वर कागद अंथरा.

ऑर्डर देताना शेडची लांबी-रुंदी, पक्ष्यांची संख्या आणि जमीन कोब्याची की मातीची एवढं सांगा. किती किलो लागेल ते आम्ही काढून देतो. उघडलेली गोणी परत घेतली जात नाही. न उघडलेली, कोरडी गोणी बॅच संपेपर्यंत बदलून मिळेल.