माती रोपांची, पाणी श्रिंपचं

चिमट्यात मॉन्टे कार्लो या पाणवनस्पतीचं इवलंसं रोप धरायचं, मत्स्यालयाच्या टाकीच्या तळात खुपसायचं आणि चिमटा अलगद मागे घ्यायचा. तळाला जाड खडे असले की रोप चिमट्यामागोमाग वर येतं आणि तरंगायला लागतं. पुन्हा खुपसा, पुन्हा तेच. १ ते ३ मिलिमीटरच्या दाण्यांत मात्र ते पहिल्या फटक्यात बसतं, कारण केसासारख्या मुळांना धरायला दाणे एकमेकांना लागून असावे लागतात. म्हणून गालिच्यासारखी पसरणारी रोपं लावायची म्हटलं की लोक दाण्याचा आकार बघतात, रंग बघतात आणि पिशवी उचलतात. नुसती रोपंच ठेवायची असतील तर एवढं पुरतं. श्रिंप, म्हणजे शोभेची छोटी कोळंबी, ठेवायचे असतील तर आधी पाण्याचा विचार करावा लागतो.

कारण काही माती पाणीच बदलून टाकते. सिलिकाची वाळू किंवा गारगोटीचे बारीक खडे पाण्यात काही सोडत नाहीत, त्यातून काही ओढूनही घेत नाहीत. ‘अ‍ॅक्टिव्ह सॉइल’ म्हणून मिळते ती भाजून दाणेदार केलेली माती. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो, त्यामुळे पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अमोनियमचे धनभारित आयन त्यांना चिकटून बसतात. मुळं हायड्रोजनचे आयन सोडतात आणि बदल्यात हे अन्न उचलतात. रोपांसाठी याहून चांगली सोय नाही. पण हीच माती पाण्यातले बायकार्बोनेटही संपवत जाते आणि सामू (pH) सातच्या खाली, बऱ्याचदा ६.५ च्या आसपास, उतरवते.

क्रिस्टल रेडसारख्या कॅरिडिना श्रिंपना हे पाणी अगदी मानवतं. त्यांचे पूर्वज दक्षिण चीनमधल्या ओढ्यांतले, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्याला सरावलेले. लाल चेरी श्रिंप, म्हणजे निओकॅरिडिना, यांना मात्र खनिजं जास्त लागतात आणि सामू सातच्या वर असला तरी त्यांचं छान चालतं. फरक दिसतो तो कात टाकताना. श्रिंप आधी सुस्तावतो, मग डोक्याच्या मागे कवचाला चीर जाते आणि एका झटक्यात तो त्यातून बाहेर उडी मारतो. नवं कवच कडक व्हायला लागणारं कॅल्शियम तो बरंचसं पाण्यातून घेतो. खनिजं कमी पडली किंवा पाणी एकदम बदललं तर तो अर्ध्यावरच अडकून मरू शकतो. आता अ‍ॅक्टिव्ह सॉइलच्या टाकीत दर आठवड्याला नळाचं जड, म्हणजे जास्त खनिजांचं, पाणी ओतत राहिलात तर काय होईल बघा. सामू वर जातो, माती तो परत खाली ओढते, आणि या ओढाताणीत मातीची सामू धरून ठेवण्याची ताकदही लवकर संपते.

दुसरी अडचण वेळेची. खतावलेली नवी सॉइल पहिले काही आठवडे अमोनिया सोडते. रोपं तो आनंदाने खातात, श्रिंपना तो विष. इथे सामूची गंमत आहे: २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे आम्लधर्मी पाणी थोडं सांभाळून घेतं. पण त्याच पाण्यात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चाचण्या शून्य दाखवेपर्यंत थांबायचं. काही जण टाकीत पाणी न भरता ओल्या मातीवर गालिचा वाढवून घेतात. रोपांसाठी ही युक्ती झकास आहे, पण पाणी भरल्यावर अमोनियाची चाचणी करावीच लागते.

पाण्याखालच्या हिरवळी लोकप्रिय करणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनीच शेवाळ खाणारे श्रिंपही टाकीत आणले. त्या जातीला आज अमानो श्रिंप म्हणतात. पण हे श्रिंप सोशिक, आणि त्यांच्या अळ्यांना वाढायला खारट पाणी लागतं, त्यामुळे टाकीत पिल्लं वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याला पिल्लं हवी असतात, म्हणून एवढा काथ्याकूट.

माझं मत विचाराल तर कॅरिडिनासाठी सॉइलच घ्या आणि शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून खनिजं घाला. चेरीसाठी बारीक वाळू आणि मुळाशी खताच्या गोळ्या. गालिचा सावकाश पसरेल, पसरू द्या. मार्सिलियासारखं संथ रोप तर वाळूत निवांत जगतं. थर तीन-चार सेंटिमीटरचा पुरे. बारीक वाळूचा जाड थर खाली कुजतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतो. खडे टाकण्याआधी त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसले तर त्यात चुनखडी आहे आणि सामू चढणार. बागेतली माती तर नकोच: कीटकनाशकाचा अंश कीटकांइतकाच श्रिंपनाही मारतो, दोघेही संधिपाद.

आणि सॉइल कायमची नसते. वर्ष-दोन वर्षांत तिची सामू धरून ठेवण्याची ताकद संपते. तोवर तिच्यावर दाट गालिचा झालेला असतो आणि त्यात दोन मिलिमीटरची पिल्लं चरत असतात. तो सोलून काढताना खालचा सगळा गाळ पाण्यात उठतो, म्हणून आधी श्रिंप दुसऱ्या टाकीत हलवावे लागतात. सगळे सापडत नाहीत.