रेशी : औषधी अळंबी

गॅनोडर्मा या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील), लाकडावर वाढणाऱ्या काही कवकांना रेशी म्हणतात. हे नाव जपानी आहे. चीनमध्ये तिला लिंगझी आणि कोरियात योंगजी म्हणतात. तिचे फलकाय, म्हणजे डोळ्यांना दिसणारा अळंबीचा भाग, वाळल्यावर लाकडाइतके टणक होते आणि चवीला चांगलेच कडू लागते. त्यामुळे ती भाजीत घालत नाहीत. उकळून किंवा अर्क काढून औषध म्हणूनच घेतात. तिच्याबद्दलचा बराचसा गोंधळ बाजारातल्या सवयीने निर्माण झाला आहे. काढा, साधी पूड, अर्क, बीजाणू आणि धान्यावर वाढवलेले कवकजाल (कवकाच्या बारीक धाग्यांचे जाळे) या अगदी वेगळ्या वस्तू 'रेशी' या एकाच नावाने विकल्या जातात आणि एकीवर झालेल्या संशोधनाचा दाखला दुसरीला दिला जातो.

ओळख

टोपी मूत्रपिंडाच्या किंवा पंख्याच्या आकाराची, साधारण ५ ते २० सेंमी. रुंद असते. देठ बहुधा मधोमध नसून कडेला असतो. पृष्ठभाग तांबूस-तपकिरी आणि रोगण चढवल्यासारखा चकचकीत असतो. वाढत असलेल्या टोपीची कड पांढरी, तिच्या आत पिवळसर पट्टा आणि त्याच्या आत तांबडा भाग अशी रंगांची चढण दिसते. खालच्या बाजूला नेहमीच्या अळंबीसारखे पडदे नसून बारीक छिद्रे असतात. ताज्या छिद्रांवर नखाने रेघ ओढली की ती तपकिरी उमटते. टोपी पक्व झाली की छिद्रांतून तपकिरी बीजाणू बाहेर पडतात आणि हवेच्या झुळकीने वर उचलले जाऊन टोपीच्याच माथ्यावर बसतात. अशी धूळ बसलेली टोपी खराब झालेली वाटते, पण बोटाने पुसली की खालची चकाकी तशीच असते.

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कर्टिस यांनी १७८१ मध्ये इंग्लंडमधील नमुन्यावरून 'बोलेटस ल्युसिडस' या नावाने एका जातीचे वर्णन केले. १८८१ मध्ये फिनलंडचे पेटर कार्स्टन यांनी तिच्यासाठी गॅनोडर्मा ही प्रजाती स्थापन केली. पुढे शंभरहून अधिक वर्षे पूर्व आशियातील लागवडीच्या रेशीलाही 'गॅनोडर्मा ल्युसिडम' म्हटले गेले. ती जाती वेगळी असल्याचे दिसल्यावर २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी तिला 'गॅनोडर्मा लिंगझी' हे नाव दिले. म्हणून जुन्या शोधनिबंधांत ल्युसिडम असे लिहिलेले असले, तरी हाताळलेली अळंबी पुष्कळदा लिंगझीच असते.

पारंपरिक उपयोग

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत संकलित झालेल्या 'शेन्नोंग बेन्त्साओ जिंग' या चिनी औषधिग्रंथात ३६५ औषधांचे तीन वर्ग केले आहेत. त्यांपैकी दीर्घकाळ घेण्याजोग्या मानलेल्या श्रेष्ठ वर्गात तांबडी, काळी, निळी-हिरवी, पांढरी, पिवळी आणि जांभळी अशा सहा रंगांच्या 'झी' (लिंगझी या नावातलीच झी, म्हणजे अळंबी) येतात. तांबडी झी कडू असून छातीतील कोंडलेपणा घालवते, हृदयाला बळ देते आणि स्मरणशक्ती राखते, असे तिथे म्हटले आहे. या सहा रंगांना आजच्या सहा जाती समजणे बरोबर नाही, कारण त्या मांडणीवर दिशा आणि पंचतत्त्वांच्या कल्पनांचा ठसा स्पष्ट दिसतो. ली शिझेन यांच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बेन्त्साओ गांगमू' मध्येही या वर्गाची नोंद आहे.

रानात ती क्वचित सापडत असे, म्हणून तिला शुभशकुनाचे स्थानही मिळाले. इ. स. पू. १०९ मध्ये गानछुआन राजवाड्यात झी उगवली, तेव्हा हान सम्राट वू याने कैद्यांना माफी जाहीर केल्याची नोंद आहे. चित्रांत, कोरीव कामात आणि रूयी या राजदंडासारख्या शोभेच्या दंडाच्या टोकाला तिचा आकार वारंवार येतो.

चीनच्या अधिकृत औषधसंहितेत २००० पासून रेशीचा समावेश आहे. निद्रानाश, धडधड, जुना खोकला व दमा, धाप आणि भूक मंदावणे या तक्रारींसाठी रोज ६ ते १२ ग्रॅम सुके फलकाय अशी मात्रा तिथे दिली आहे. तांबडी आणि जांभळी अशा दोनच जाती ती संहिता मान्य करते.

घटक

औषधी दृष्टीने दोन गट महत्त्वाचे आहेत. पहिला बहुशर्करांचा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा), विशेषतः त्यांतील बीटा-ग्लुकनांचा. हे रेणू प्रतिकारसंस्थेतील भक्षकपेशींना उद्दीपित करतात, असे प्रयोगशाळेत दिसते. दुसरा गट ट्रायटर्पिनांचा. रेशीचा कडवटपणा यांचाच असतो. १९८२ मध्ये गॅनोडेरिक आम्ल ए आणि बी वेगळी केली गेली, त्यानंतर अशा शंभराहून अधिक संयुगांची नोंद झाली. बहुशर्करा गरम पाण्यात उतरतात, ट्रायटर्पिने मुख्यतः अल्कोहोलमध्ये. रेशी कशी तयार करायची, याचे सारे गणित या एका फरकावर उभे आहे.

पुरावा काय सांगतो

पेशींवर आणि उंदरांवर झालेले प्रयोग विपुल आहेत. माणसांवरील चांगल्या चाचण्या त्या मानाने थोड्या. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या कर्करोगाबाबतच्या आढाव्यात (२०१२) ५ चाचण्यांतील ३७३ रुग्णांची माहिती तपासली गेली. केमोथेरपी किंवा रेडिओथेरपीच्या जोडीला रेशी दिलेल्यांत उपचाराला प्रतिसाद मिळण्याचे प्रमाण जास्त दिसले, पण मुख्य उपचार म्हणून तिची शिफारस करण्याइतका पुरावा आढळला नाही. तिच्या नावाने नियमित उपचार थांबवणे हा तिचा सर्वांत घातक उपयोग आहे.

मधुमेहाबाबत निष्कर्ष आणखी स्पष्ट आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ८४ जणांपैकी काहींना १६ आठवडे रोज ३ ग्रॅमपर्यंत रेशी दिली गेली. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) यांत औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीच्या तुलनेत फरक पडला नाही. थकवा, चिडचिड आणि झोपेच्या तक्रारी असलेल्या १३२ रुग्णांवर चीनमध्ये ८ आठवडे चाललेल्या चाचणीत मात्र बहुशर्करांच्या अर्काने थकवा काहीसा कमी झाला. जपानमध्ये ८८ पुरुषांना १२ आठवडे अल्कोहोल-अर्क दिल्यावर लघवीच्या तक्रारींचे गुणांकन सुधारले, पण लघवीचा वेग वाढला नाही. थकव्याच्या चाचणीत पाण्यात उतरणारा घटक होता, लघवीच्या चाचणीत अल्कोहोलमध्ये उतरणारा. त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच डबीवर छापणे चुकीचे आहे.

तयार करण्याच्या पद्धती

*काढा.* सुक्या रेशीचे २ ते ३ मि.मी. जाडीचे काप घ्यावेत. अखंड टोपी सुकल्यावर सुरी चालत नाही, म्हणून ती आधी वाफवून मऊ करून कापतात. ६ ते १० ग्रॅम काप एक लिटर पाण्यात अर्धा तास भिजवून, झाकण ठेवून मंद आचेवर दीड ते दोन तास उकळावेत. पाणी साधारण निम्मे उरले पाहिजे. तेच काप दुसऱ्यांदा उकळता येतात. दुसऱ्या काढ्यालाही चव आणि रंग भरपूर आला, तर पहिल्या वेळी आच किंवा वेळ कमी पडला, असे समजावे. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा मातीचे असावे. गाळलेला काढा थंड जागी ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा. चहासारखे पाच मिनिटे गरम पाण्यात बुडवून काहीच साधत नाही, कारण पेशीभित्ती कायटिनच्या असतात आणि तेवढ्या वेळात त्या मोकळ्या होत नाहीत. कच्ची पूड तशीच गिळण्यावरही हाच आक्षेप आहे.

*दुहेरी अर्क.* एक भाग कापांना पाच भाग ६० ते ७० टक्के अल्कोहोल घेऊन बंद बरणीत ३ ते ४ आठवडे ठेवतात आणि रोज हलवतात. गाळून उरलेला चोथा पाण्यात दोन तास उकळतात, ते पाणी आटवून पूर्ण गार झाल्यावरच अल्कोहोल-अर्कात मिसळतात. अंतिम मिश्रणात २५ ते ३० टक्के अल्कोहोल राहील असा हिशेब ठेवावा. २० टक्क्यांच्या खाली गेले तर अर्क टिकत नाही. प्रमाण फार वर राहिले तर बहुशर्करा करड्या-तपकिरी धाग्यांच्या रूपात तळाशी बसतात. हा साका बिघाड समजून गाळून टाकला, की अर्धे औषधच फेकले जाते. बाटली हलवून घेणे हाच त्यावर उपाय.

*बीजाणू.* यांना दुहेरी भित्ती असते. म्हणून फोडलेल्या बीजाणूंची पूड विकली जाते, पण फोडल्यावर आतले तेल हवेशी येऊन खवट होते. खवट वास येणारी पूड घेऊ नये.

निवड आणि भेसळ

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १९ रेशी-उत्पादनांची रासायनिक तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ५ उत्पादनांतच वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे रेशी आढळली. नेहमीचा प्रकार म्हणजे कवकजाल धान्यावर वाढवून ते धान्यासकट दळणे. अशा पुडीत पिष्ट (स्टार्च) भरपूर असते. चिमूटभर पूड पाण्यात उकळून गार करावी आणि आयोडिनचा थेंब टाकावा. गडद निळा-काळा रंग आला तर धान्य आहे. चवही उपयोगी पडते, कारण फलकायाचा अर्क कडूच असतो. अजिबात कडू नसलेल्या मालात ट्रायटर्पिने नगण्य असतात. वेष्टनावर नुसत्या 'बहुशर्करा' ऐवजी बीटा-ग्लुकनांचे प्रमाण दिलेले असणे चांगले, कारण पिष्ट हीसुद्धा बहुशर्कराच आहे.

लागवड

भरवशाची लागवड १९७० च्या सुमारास साधली, त्यानंतरच रेशी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. रुंदपर्णी झाडांच्या भुशात साधारण २० टक्के कोंडा आणि १ टक्का जिप्सम मिसळून ओलावा ६० ते ६५ टक्के ठेवतात. पिशव्या १२१° से. ला दीड ते दोन तास निर्जंतुक करतात. कवकजाल २५ ते २८° से. ला वाढते. त्यात हिरवे ठिपके दिसले तर ती ट्रायकोडर्मा बुरशी होय. अशी पिशवी न उघडता खोलीबाहेर काढावी.

फलकाय येताना ८५ ते ९५ टक्के आर्द्रता आणि खेळती हवा लागते. कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.१ टक्क्याच्या वर साचला, की टोपी उघडतच नाही आणि नुसते शिंगांसारखे फाटे वाढतात. काही जण ते शोभेसाठी मुद्दाम वाढवतात, इतरांच्या बाबतीत मात्र ती वायुवीजन कमी पडल्याची खूण असते. कडेची पांढरी पट्टी पूर्ण तांबडी झाली, की टोपी काढणीला आली. ५० ते ६०° से. ला वाळवून ओलावा १२ टक्क्यांखाली आणावा. अर्धवट सुकलेल्या मालाला कीड आणि बुरशी लगेच लागते. बीजाणू सुटत असताना खोलीत मास्क वापरावा, कारण त्यांची श्वसनाची ॲलर्जी होऊ शकते.

खबरदारी

तोंड कोरडे पडणे, पोट बिघडणे, पातळ शौच आणि अंगावर पुरळ हे नेहमीचे त्रास होत. रेशीच्या पुडीनंतर यकृताला गंभीर इजा झाल्याची, एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचीही नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. यकृताचा विकार असलेल्यांनी ती टाळावी. डोळे पिवळे होणे, गडद लघवी किंवा सतत मळमळ दिसताच ती बंद करून डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची किंवा साखर कमी करणारी औषधे चालू असल्यास विचारल्याशिवाय घेऊ नये. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ती अजिबात घेऊ नये. गरोदरपणातील आणि स्तनपानाच्या काळातील सुरक्षिततेची पुरेशी माहिती उपलब्ध नसल्याने त्या काळातही टाळावी. शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी थांबवावी. बीजाणूंची पूड घेणाऱ्या काही रुग्णांत कर्करोग-निदर्शक सीए ७२-४ ची पातळी खोटी वाढलेली आढळली असून ती पूड थांबवल्यावर उतरली. त्यामुळे रक्ततपासणीच्या वेळी रेशी चालू असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.