अंगातून वाफा, थर्मामीटर मात्र नॉर्मल

पाळी जायच्या सुमारास बाई म्हणाली, ‘अंगातून वाफा निघतात,’ की ठरलेलं उत्तर येतं: ‘मनावर घेऊ नकोस.’ मनाचा यात फारसा संबंध नाही. सगळा खेळ मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये चालतो.

शरीराचं तापमान तोच सांभाळतो. वरची मर्यादा ओलांडली की घाम, खालची ओलांडली की कुडकुडणं, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट फ्रीडमन यांच्या प्रयोगांत, वाफांचा त्रास नसलेल्या बायकांमध्ये हा पट्टा साधारण 0.4 अंश सेल्सियस भरला. त्रास असलेल्यांमध्ये जवळजवळ शून्य. मग नुसता जिना चढला तरी हायपोथॅलॅमस शरीर तापल्याचं धरून चालतो. चेहरा, मान लाल होते, छाती धडधडते, पाठीवरून घाम ओघळतो. मुळात ताप नसतोच, त्यामुळे गरजेची उष्णताही निघून जाते आणि थोड्या वेळापूर्वी पांघरूण भिरकावलेली बाई तेच पुन्हा ओढून घेते.

पट्टा अरुंद का होतो? इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झालं म्हणून, हे उत्तर अपुरं आहे. वयात न आलेल्या मुलींमध्येही ते कमीच असतं, त्यांना कुठे वाफा येतात? वर्षानुवर्षं असलेलं इस्ट्रोजेन जाणं, हे खरं कारण. हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन ही निरोप पोचवणारी रसायनं बनवतात. एरवी त्यांचं काम पाळीच्या हार्मोन्सचा ताल धरण्याचं, आणि त्यांना लगाम इस्ट्रोजेनचा. लगाम सुटला की या पेशी अक्षरशः फुगतात. संशोधक नेओमी रॅन्स यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये ते दिसलं. या पेशींचे तंतू तापमानकेंद्रापर्यंत जातात, आणि तिथल्या एनके-3 ग्राहींना (पेशींवरच्या, हे रसायन पकडणाऱ्या जागांना) न्यूरोकायनिन-बी चिकटलं की घामाचा हुकूम सुटतो. लंडनच्या संशोधकांनी निरोगी तरुणींना हेच रसायन शिरेतून दिलं, तर त्यांनाही वाफा आल्या. हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. आता म्हणा मनाचे खेळ!

‘हार्मोन बॅलन्स’ करणाऱ्या पावडरी विकणाऱ्यांना यातली एकही पायरी विचारून बघा.

एनके-3 ग्राही अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत मे 2023 मध्ये मंजूर झालं. त्यात हार्मोन नाही, पण यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. आणि ते फक्त वाफांवर आहे. योनीचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळी होणारी आग त्याने जात नाही. त्यासाठी योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मिळतं. पण त्यासाठी आधी ही तक्रार डॉक्टरांसमोर तोंडाने म्हणावी लागते, आणि कितीतरी बायका तिथेच अडतात.