पार्श्वभूमी: 'डिस्को दीवाने' आणि 'पहिला' या शब्दाचा गुंता

1981 मध्ये 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला तेव्हा त्याची पाकिस्तानी गायिका नाझिया हसन जेमतेम सोळा वर्षांची होती. आदल्या वर्षीच्या 'कुर्बानी'मधल्या 'आप जैसा कोई'मुळे तिचा आवाज भारतभर पोचला होता. चित्रपटाची बाकी गाणी मुंबईतल्या नावाजलेल्या संगीतकार जोडीची होती. हे एक मात्र लंडनमध्ये झालं, बंगळूरच्या पण तिकडच्या डिस्कोत नाव कमावलेल्या संगीतकाराकडे. या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं आणि त्याच संगीतकाराने तिचा पहिला अल्बम केला. भावाचाही त्यात आवाज होता.

या अल्बमला सर्रास 'भारतातला पहिला बिगरफिल्मी अल्बम' म्हटलं जातं. मराठी माणसाने तरी हे मान्य करू नये. आपल्याकडे भावगीतांच्या तबकड्या कित्येक दशकं घराघरांत वाजत होत्या. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आलेल्या 'गीतरामायणा'च्या 56 गाण्यांचा कुठल्याही चित्रपटाशी संबंध नव्हता. गझलांच्या रेकॉर्डीही होत्याच. 'पहिला पॉप' म्हणावं, तर इंग्रजी पॉप गाणाऱ्या भारतीय गायिकांच्या रेकॉर्डी त्याआधीच निघाल्या होत्या. आणि 'भारतातला' तरी कसा? गायिका कराचीची, ध्वनिमुद्रण लंडनचं, फक्त रेकॉर्ड कंपनी इथली. पाकिस्तानात तिथल्या पॉपची सुरुवात याच अल्बमपासून मोजतात, तेही चूक नाही.

मग नवं काय होतं? 'आप जैसा कोई'ला पडद्यावर चेहरा नायिकेचा होता. इथे पडदाच नव्हता. गाणाऱ्या मुलीच्या नावावर, नाचायच्या ठेक्यावरची हिंदी-उर्दू गाणी खपली. मुंबईत पहिल्याच दिवशी 1 लाख रेकॉर्डी गेल्याचा आकडा आजही सांगितला जातो. माझ्या मते 'पहिला' हा शब्द लावायचाच, तर एवढ्यापुरताच लावावा.

आवाज नाकातला, रियाज नाही, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नव्हता. पण कमावलेल्या, टिपेच्या आवाजांची सवय झालेल्या कानांना वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीसारखा आवाज ऐकू आला, हेच या अल्बमचं बळ. अमेरिकेत 1979 मध्ये शिकागोच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवण्यात आल्या होत्या. तिकडे लाट ओसरत होती आणि इकडे ती चढत होती.

पुढच्या वर्षी दुसऱ्या अल्बमची गाणी एका हिंदी चित्रपटात घेतली. चित्रपट पडला, 'बूम बूम' टिकलं. 1984 मध्ये 'यंग तरंग' हा अल्बम आला. 1995 मध्ये 'मेड इन इंडिया' हा अल्बम गाजला तेव्हा गायिका दुसरी होती, संगीतकार तोच. इंडिपॉप, म्हणजे भारतातलं बिगरफिल्मी पॉप, हा शब्द तोवर रुळला होता आणि नाझियाचा अल्बम मागाहून त्यात धरला गेला. 2000 मध्ये कर्करोगाने ती गेली, वयाच्या 35व्या वर्षी. 2012 च्या एका हिंदी चित्रपटाने 'डिस्को दीवाने' हे अल्बमचं शीर्षकगीत पुन्हा वापरलं, त्यात नव्या गायकांच्या जोडीला तिचाही आवाज ठेवला आहे.