पासष्ट टक्के कशाचे? जायकवाडीच्या वादाची पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ ठरलेले गोदावरीवरचे धरण पुढे वर पैठणला सरकले, नाव तेवढे जुन्या गावाचे राहिले. 1965 मध्ये पायाभरणी झाली, 1976 मध्ये लोकार्पण. नाथसागराखाली, म्हणजे या धरणाच्या जलाशयाखाली, शंभराहून अधिक गावे गेली. पाणी ओसरले की त्यातल्या काहींची जोती आजही उघडी पडतात आणि माणसे गाळपेरीला उतरतात.

वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचे, या आजच्या वादाचे मूळ 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याचे प्रमाण शक्यतो सारखे राहावे, अशी त्यात तरतूद आहे. ती कागदावरून नदीत उतरायला बराच काळ गेला. प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2014 च्या आदेशाने 65 टक्क्यांची रेघ आखली आणि 2016 मध्ये ती न्यायालयातही टिकली. 15 ऑक्टोबरला जायकवाडी या रेघेखाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी खाली यायला हवे.

पण 65 टक्के कशाचे? एकूण साठा सुमारे 102 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला 26 मृतसाठा, म्हणजे तळाचे, नेहमीच्या वापरात न धरले जाणारे पाणी. टक्के धरायचे ते उरलेल्या सुमारे 76 टीएमसी उपयुक्त साठ्याचे, म्हणजे जवळपास 50 टीएमसी. शिवाय खरिपात वापरलेले पाणीही त्यातच मोजतात. त्यामुळे धरणात प्रत्यक्ष साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असला तरी हिशेबात अट पूर्ण झालेली असू शकते. ‘मराठवाड्याला पाणी सोडले’ अशा बातम्यांत हा बारकावा हरवतो आणि कायद्याने येणारे पाणी उपकारासारखे वाटू लागते.

उशिराचा फटका वेगळाच. 2023 मध्ये 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, विसर्ग सुरू व्हायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस तोवर सरले होते. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या तरी कोरडे पात्र आपला वाटा पितेच. जेवढे निघते तेवढे पैठणला पोहोचत नाही.

आता नव्या अभ्यासगटाने ही रेघ 58 टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली आहे. सात टक्के म्हणजे पाच टीएमसीहून जास्त पाणी. 208 किलोमीटरच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, परभणीकडच्या शिवारात, रब्बीचे शेवटचे आवर्तन (पाण्याची पाळी) पोहोचणार की नाही, हे एवढ्या पाण्यावरही ठरू शकते.